गुप्तधनाच्या शोधात जीव कशाने जातो? सर्पदंश, ढासळणारा खड्डा आणि विहिरीतला वायू

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातले जुने गाव. 1724 साली याच गावाजवळ निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात मोठी लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि निजामाच्या हैदराबाद राज्याचा पाया पडला. शेजारी सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचे माहेर आणि लखुजीराजे जाधवांची जहागिरी. ज्या भागातून इतकी सैन्ये गेली, जिथे गावोगावी पडक्या गढ्या, बारव आणि पेवे आहेत, तिथे "अमक्याच्या वाड्यात हंडा पुरलाय" अशी गोष्ट नसती तरच नवल. बँका नव्हत्या तेव्हा लोक नाणी मडक्यात घालून भिंतीत किंवा जमिनीत ठेवत असत, हेही खोटे नाही.

हंडा असतो की नसतो, हा माझा विषय नाही. त्याच्या शोधात गेलेला माणूस रुग्णालयात कोणत्या अवस्थेत येतो आणि येण्यापूर्वी किती वेळ गेलेला असतो, हा माझा विषय आहे. गुप्तधनाचे खोदकाम रात्री होते, वस्तीपासून लांब होते आणि घरच्यांना न सांगता होते. अपघात कुठेही होऊ शकतो. पण शेतात साप चावला तर माणूस ओरडतो आणि शेजारचे धावत येतात. इथे मात्र सोबतचे लोक आधी खड्डा बुजवतात, अवजारे लपवतात आणि मग रुग्णाला घेऊन निघतात. त्यातही कुणीतरी "राखणदाराचा कोप आहे, आधी उतारा करा" म्हणते. विषापेक्षा, वायूपेक्षा हा गेलेला वेळ जास्त घातक ठरतो.

म्हणून हा लेख खणायला जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी आहे. जुने बारव, गढ्या, डोंगरातली लेणी पाहत हिंडणाऱ्या इतिहासप्रेमी तरुणांनाही यातले बरेच लागू पडेल.

राखणदार नाग आणि खरा साप

धनावर नाग बसलेला असतो, ही समजूत आपल्याकडे सगळीकडे आहे. त्यामागचे कारण अगदी साधे आहे. पडक्या भिंतीच्या भेगा, दगडांचे ढीग, उंदरांची बिळे आणि थोडा ओलावा असलेली जागा सापाला आवडते. गढी म्हणजे नेमकी तशीच जागा. तिथे साप निघाला तर तो त्याच्या घरात होता, एवढाच त्याचा अर्थ. पण "साप निघाला म्हणजे धन जवळ आले" असे मानून लोक आणखी खोल हात घालतात, आणि तिथेच चावा होतो.

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अस्पष्ट होते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. चावलेली जागा सुजते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येते. घोणशीच्या चाव्यात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

मण्यारीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण रात्रीच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. ती रात्री फिरते. तिचे दात बारीक असतात, चावा जवळजवळ दुखत नाही आणि सूजही येत नाही. खोदून थकलेली माणसे तिथेच जमिनीवर अंथरूण टाकतात. पहाटे एकाच्या पोटात मुरडा येतो, उलटी होते. सगळ्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. तास-दोन तासांनी डोळे उघडेनासे होतात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी आणि पापण्यांचा जडपणा असेल, तर चाव्याची खूण दिसत नसली तरी मण्यार चावली आहे असे धरूनच रुग्णालयात न्या. अशा रुग्णाला वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर तो बहुधा पूर्ण बरा होऊन घरी जातो.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे गेली. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. या विषावर औषध नाही, असे नाही. प्रतिविष आहे, या चारही सापांवर एकच चालते आणि सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. अडते ते तिथे पोहोचण्यात.

चावा झाल्यावर काय करायचे? माणसाला आडवे करा, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला किंवा काठीला सैलसर बांधा, म्हणजे तो हलणार नाही. अंगठी, कडे, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण सूज आल्यावर ते रुतते. किती वाजता चावा झाला ते लक्षात ठेवा. 108 ला फोन करा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटारसायकलवर न्यावे लागले तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर त्याला डाव्या कुशीवर ठेवा.

दोरी आवळून बांधू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका, पाला चोळू नका. आवळलेल्या दोरीने पाय काळा पडून कापावा लागल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवीन नाहीत. साप मारून आणण्याचीही गरज नाही. त्या खटाटोपात दुसऱ्याला चावा होतो. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या. रुग्णालयात साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात उतरले आहे हे कळते. ही तपासणी छोट्या रुग्णालयातही होते. चावा कोरडा वाटला, काही त्रास नसला तरी 24 तास देखरेखीखाली राहावे लागते, म्हणून "बरे वाटतेय" म्हणून घरी पळू नका.

घरच्यांना एक शंका नेहमी असते: लहान मुलाला इतक्या बाटल्या कशा देता? साप मोठ्या माणसाला चावताना आणि मुलाला चावताना विष मोजून घालत नाही. म्हणून प्रतिविषाची मात्राही दोघांना सारखीच असते.

दगड उचलताना विंचूही चावतो. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जिवाला धोका असतो तो लहानशा लाल विंचवापासून. चाव्यानंतर दरदरून घाम, गार हातपाय, उलट्या आणि मग धाप, म्हणजे फुप्फुसांत पाणी, असा तो क्रम आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर वापरून दाखवली आणि त्यानंतर या विंचवाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. म्हणजे हा उपचारही महाग नाही, पण तो वेळेत व्हावा लागतो. सापाचे प्रतिविष विंचवाला चालत नाही. म्हणून काय चावले हे माहीत असेल तर तेही सांगा.

पांढरी माती का ढासळते

आपल्याकडची गढी पांढऱ्या मातीची असते. शेकडो वर्षे वरून ती कडक दिसते, पण आत ती पोकळ, भुसभुशीत आणि उंदरांनी पोखरलेली असते. पायाशी खणले की वरची भिंत आधारावाचून राहते. काळ्या जमिनीचे दुखणे वेगळे आहे. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पावसात ती फुगते. भेगाळलेल्या जमिनीत उभा खड्डा घेतला तर त्याची कड एकसंध नसते. ती ढेपाळते तेव्हा आवाजही होत नाही.

एक घनमीटर माती साधारण दीड टन किंवा त्याहून जास्त भरते. म्हणजे एका लहान मोटारीएवढे वजन. माणूस कमरेपर्यंत पुरला गेला तरी तो स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. छातीपर्यंत पुरला गेला तर त्याचे तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो, कारण प्रत्येक उच्छ्वासाबरोबर माती थोडी आणखी दाबते आणि पुढच्या श्वासाला छाती फुलायला जागा उरत नाही. "तोंड तर बाहेर होते, मग गेला कसा?" हा घरच्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर हे आहे.

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत पाच फूट किंवा त्याहून खोल चराला, तो अखंड खडकात नसेल तर, कडांना आधार किंवा उतार देणे सक्तीचे आहे. आपल्या माणसाच्या डोक्याएवढीही ती खोली नाही. काढलेली माती कडेवरच टाकली, शेजारी ट्रॅक्टर किंवा जेसीबी उभा केला की धोका आणखी वाढतो.

कोणी पुरला गेलाच तर यंत्राने उकरू नका, हाताने काढा. आधी तोंड, मग छाती मोकळी करा. सगळे मिळून खड्ड्यात उड्या मारू नका, दुसरी कड येते. हातपाय बराच वेळ दबून राहिले असतील तर डॉक्टरांना तो वेळ सांगणे फार महत्त्वाचे आहे. दबलेल्या स्नायूत पोटॅशियम आणि इतर द्रव्ये साठतात. दाब सुटला की ती एकदम रक्तात येतात आणि हृदय बंद पडू शकते. पुढच्या दिवसांत लघवी चहाच्या रंगाची होऊन मूत्रपिंडे बंद पडतात. बाहेर काढल्यावर चांगला बोलणारा, पाणी मागणारा माणूस तासाभरात जातो तो यामुळे. माती-दगडाखाली दबलेला माणूस कितीही ठीक दिसत असला तरी त्याला थेट घरी नेऊ नका.

विहीर, भुयार, पेव

पूर्वी धान्य पेवात ठेवत. पेव उघडले की लगेच आत कोणी उतरत नसे. झाकण काढून ते काही वेळ तसेच ठेवायचे, मग कंदील सोडून पाहायचा, असा जुन्या माणसांचा शिरस्ता होता. साठवलेले धान्य श्वास घेते, बंद जागेतला प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते, हे विज्ञान त्यांना ठाऊक नसेल, पण परिणाम ठाऊक होता. आता पेवांचा वापर फारसा उरला नाही आणि शिरस्ताही विसरला गेला. जुनी बुजलेली विहीर, भुयार किंवा बारवाची कोठडी उकरणाऱ्याला मात्र तोच वायू भेटतो.

हवेत साधारण 21 टक्के प्राणवायू असतो. तो 10 टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते, आणि 6 च्या आसपास मृत्यू काही मिनिटांत येतो. याची आगाऊ सूचना मिळत नाही. प्राणवायू कमी झाल्याने गुदमरल्यासारखे वाटतेच असे नाही. पाय लटपटतात आणि माणूस बसतो तो उठत नाही. कर्बवायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. उभ्या माणसाला काही होत नाही, वाकलेला पडतो, असेही त्यामुळे घडते. सडका गाळ असेल तर हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजू नका.

एकामागून एक तीन-चार जण आवाज न करता कोसळले की बाहेरच्यांना ते दैवी वाटणारच. एप्रिल 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातील वाकडी इथे जे घडले त्यात गुप्तधन नव्हते, मांत्रिक नव्हता. शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. त्याला काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोरी होती आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतले.

वायूच्या जागेत पडलेल्याला वाचवायला उतरणारा हा पुढचा मृत असतो. उतरू नका. 112 किंवा अग्निशमन दलाच्या 101 ला फोन करा. हवेची टाकी पाठीवर असल्याशिवाय खाली जाता येत नाही, तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा कोविडचा मास्क इथे काही कामाचा नाही. कंदील किंवा मेणबत्तीची परीक्षा अपुरी आहे. ज्योत विझली तर उतरायचे नाही हे नक्की, पण ज्योत जळत राहिली म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही, आणि मिथेन असेल तर भडकाच उडेल. झाडाची फांदी दोरीने खालीवर हलवून हवा खेळती करण्याची पद्धत शेतकरी वापरतात. त्याने फरक पडतो, खात्री मात्र होत नाही.

उजेडासाठी किंवा पाणी उपसायला खड्ड्यात जनरेटर वा डिझेल पंप उतरवला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. यातली फसवी गोष्ट अशी, की बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा रुग्णात 98 दाखवू शकते. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही प्राणवायूचे रक्त समजते. म्हणून इंजिन कुठे चालू होते हे डॉक्टरांना सांगा.

उपास, नारळ आणि मधुमेहाची गोळी

विधीसाठी कडकडीत उपास सांगितला जातो. रक्तातली साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी रात्रभर कुदळ चालवतो, तेव्हा त्याची साखर कोसळते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, मग बेशुद्धी. सोबतचे म्हणतात, "अंगात आले." शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरेचे पाणी किंवा गूळ द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

पन्नाशीच्या पुढच्या, कष्टाची सवय नसलेल्या माणसाला असे काम हृदयविकाराचा झटकाही आणू शकते. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, गार घाम ही लक्षणे खड्ड्यातही तीच असतात. उन्हाळ्यात दिवसा खणणाऱ्याला उष्माघात होतो. विदर्भात मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो हे तुम्हाला सांगायला नको. अंग तापलेले आणि माणूस बरळू लागला, की सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि त्याच अवस्थेत रुग्णालयात न्या. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही.

विधीतला प्रसाद, काढा किंवा धूर हाही तपासण्यासारखा भाग आहे. धोतऱ्याचे बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, भास होतात, माणूस हवेतले काहीतरी पकडू लागतो. "धन दिसले" असे सांगणाऱ्यांपैकी काहींना धोतरा दिसला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. सगळ्यांनी खाल्लेले असेल तर सगळ्यांनाच रुग्णालयात आणा, उरलेला प्रसादही सोबत आणा.

डोंगरात जाणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा आणि अंबाबरवा भागात अस्वले आहेत. ते अचानक समोर आले तर चेहरा आणि डोके फाडते. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने 15 मिनिटे धुवा. धनुर्वाताबरोबर रेबीजची लसही लागते, कुत्रा नव्हता म्हणून ती टाळू नका. आग्या मोहोळ उठले तर चेहरा झाकून शक्य तितके लांब पळा, विहिरीत उडी मारू नका. ओठ-जीभ सुजली, धाप लागली तर ती ॲलर्जी आहे आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन काही मिनिटांत लागते. गंजलेल्या पहारीने झालेली जखम लहान दिसली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

डॉक्टरांना खरे सांगा

"शेतात पाणी धरायला गेलो होतो." हे उत्तर आम्हाला पाठ झाले आहे. त्यामागची भीती पोलिसांची असते. कायदा आहे हे खरे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, लपवणे गुन्हा आहे. संरक्षित स्मारकात खणणे हाही गुन्हा आहे. पण तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. अपघाताची नोंद पोलिसांकडे जाऊ शकते, मात्र त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. आम्हाला तुमचा हंडा नको असतो. किती वाजता, कुठे, कशाने, किती वेळ दबला होता, काय खाल्ले, ही माहिती हवी असते. विहिरीत बेशुद्ध झालेल्याला "चक्कर आली" म्हणून आणले तर आम्ही डोक्याचा स्कॅन करत बसतो आणि तेवढा वेळ प्राणवायूवाचून जातो.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा इथे दोन ठिकाणी लागू होतो. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे हा त्यातला एक गुन्हा. दुसरा लोकांना फारसा माहीत नाही: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. उतारा करण्यासाठी रुग्णाला अडवून ठेवणाऱ्याला हे सांगून पाहा, गाडी लवकर निघते.

घरच्यांनी काय पाहावे

माणूस एकदम अशा कामाला लागत नाही. कर्ज वाढलेले असते, पीक गेलेले असते, मुलीचे लग्न ठरलेले असते. मग अमावास्येच्या रात्री घराबाहेर राहणे, दागिने गहाण पडणे, अनोळखी "महाराज" चहाला येणे सुरू होते. त्याला वेडा म्हणू नका. त्याच्याशी कर्जाबद्दल बोला, कारण धन हा त्या कर्जाचाच दुसरा चेहरा आहे. झोप उडाली असेल, सतत तेच बोलत असेल, आवाज ऐकू येत असतील तर 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

अमेरिकेत फॉरेस्ट फेन नावाच्या कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने 2010 च्या सुमारास रॉकी पर्वतात खजिन्याची पेटी लपवली आणि तिचा माग एका कवितेत दिला. 2020 मध्ये ती सापडेपर्यंत शोधणाऱ्यांपैकी किमान पाच जण नदीत, कड्यावरून किंवा थंडीने मेले. तिथे मांत्रिक नव्हता, अंधश्रद्धेचा आरोपही नव्हता, पेटी तर खरीच होती. तरीही माणसे अवघड जागी गेली आणि मदत वेळेत पोहोचली नाही. म्हणून एवढे तरी ठरवा: घरातला जो कोणी डोंगरात, गढीवर, लेण्यात जाईल, मग ते इतिहासाच्या आवडीने का असेना, त्याने कुठे जातो आणि किती वाजेपर्यंत परततो हे एका माणसाला सांगावे. त्या वेळेला फोन आला नाही तर सकाळची वाट न पाहता शोध सुरू करावा. पायात गुडघ्याखालपर्यंत बूट, हातात बॅटरी आणि काठी, दगड उचलायला हात नव्हे तर पहार, आणि एकट्याने जायचे नाही.

जून 2024 मध्ये सिंदखेडराजात लखुजीराजांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूचे मोठे शिल्प जमिनीखालून निघाले. जमिनीखालचा वारसा दिवसाउजेडी, मोजमाप करत असा काढतात. तुमच्या शेतात जुने काही दिसले तर तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. पायाळू माणसाला जमिनीखालचे धन दिसते, अशी समजूत आहे आणि त्यापायी मुलांच्या जिवावर बेतते. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय किंवा ढुंगण आधी असलेले बाळ. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत अशी तीन-चार बाळे असतात. गर्भाशयाचा आकार, वारेची जागा, बाळाभोवतीचे पाणी, जुळे अशी त्याची कारणे असतात, अनेकदा एकही कारण सापडत नाही. बाळाच्या डोळ्यांशी किंवा दृष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. तुमचे मूल पायाळू आहे हे बाहेर सांगत फिरू नका. कुणी त्याला पूजेसाठी "फक्त एका रात्रीसाठी" मागितले, मग तो सख्खा नातेवाईक असला तरी, देऊ नका. त्याच दिवशी 112 वर किंवा मुलांच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करा. फोन करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवायला सांगता येते.